उत्तर युगांडातल्या खेड्यात मैत्रीण हापसे दुरुस्त करते आहे : तिचं रोजचं जगणं

कोरांटी

नमस्कार मंडळी,

माझी एक जुनी मैत्रीण सध्या युगांडाच्या उत्तर भागात, अमुरू जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. स्वयंसेवक म्हणून गेली आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा, माहेर बार्शी, नोकरीचा बहुतेक काळ मराठवाड्यात पाण्याच्या कामांत गेलेला. मुलगा नोकरीला लागला तशी तिने दोन वर्षांची ही जबाबदारी अंगावर घेतली. दर रविवारी आमचं बोलणं होतं. अधूनमधून व्हॉट्सअॅपवर तिचे लांबलचक आवाजी निरोप येतात. ओळखीत कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न सिंहांचा असतो आणि दुसरा उपासमारीचा. तिच्या दिवसात या दोन्ही गोष्टी नाहीत. जे आहे ते मला फार मोलाचं वाटतं, म्हणून हा धागा काढला. तिची परवानगी घेतली आहे. तिचं, गावाचं आणि संस्थेचं नाव लिहायचं नाही एवढीच अट आहे.

काम म्हणाल तर बंद पडलेले हापसे चालू करायचे आणि चालू असलेले बंद पडू द्यायचे नाहीत.

गुलू हे त्या भागातलं मुख्य शहर, कंपालाच्या उत्तरेला साधारण ३३० किलोमीटरवर. वाटेत करुमाला नाईल ओलांडावी लागते. तिथून पुढे अचोली लोकांचा मुलूख. उंच गवत, मधूनमधून आंब्याची आणि शीआची (हिच्या बियांचं तेल काढतात) झाडं. साधारण एप्रिलपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाऊस, मग मार्चपर्यंत कोरडं आणि चांगलंच तापतं. त्या दिवसांत गवताला आगी लावतात आणि सगळीकडे काळी राख उडते. "धुतलेले कपडे वाळत घातले की त्यावर राखेचे ठिपके, मग परत धुवा. आणि धुवायला पाणी कुठून आणायचं? हापशावरूनच," इति मैत्रीण.

ती एका कुटुंबाच्या अंगणात राहते. गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, मातीच्या भिंती, मधे रोज झाडून लख्ख ठेवलेलं अंगण. एक झोपडी तिला दिली आहे. छपरावर सौरदिव्याची छोटी तबकडी आहे, त्यावर दिवा आणि मोबाइल दोन्ही चालतं. न्हाणीला बोरूचा आडोसा, संडास थोडा लांब. दुपारच्या उन्हात त्या झोपडीत जो गारवा असतो तो गुलूमधल्या पत्र्याच्या खोल्यांत नाही, असं ती प्रत्येक फोनमध्ये एकदा तरी सांगते.

सकाळ उजाडण्याच्या आधीच सुरू होते. हापशापाशी पिवळे २० लिटरचे कॅन रांगेत लावलेले असतात. माणूस नसला तरी कॅनचा नंबर कुणी मोडत नाही. बहुतेक बाया आणि मुली. शाळेआधी पाणी भरायचं म्हणून मुली पहाटे येतात. आठनऊ वर्षांच्या पोरीचा हात दांड्यापर्यंत जेमतेम पोचतो. ती दोन्ही हातांनी दांडा धरते, पाय उचलून त्याला लोंबकळते, दांडा खाली आला की पाय टेकवते, पुन्हा लोंबकळते. कॅन भरेपर्यंत हेच. मग कापडाची चुंबळ डोक्यावर ठेवून कॅन उचलून द्यायला मागची बाई पुढे होते. न सांगता. मैत्रीण रोज सकाळी तिथे अर्धा तास नुसती उभी राहते. किती वेळा दांडा मारल्यावर पहिलं पाणी येतं हे मोजते आणि वहीत लिहिते. रात्रभर हापसा बंद राहिला आणि सकाळी पाणी यायला फार वेळ लागला, तर पाइपला कुठेतरी भोक पडलंय किंवा तळाची झडप गळते आहे हे कळतं. अशा वह्या तिने आजूबाजूच्या गावांतही सुरू करून दिल्या आहेत आणि तिथल्या बायाच त्या भरतात.

आणि ज्यासाठी मला हा धागा काढावासा वाटला ती गोष्ट आता सांगते. तिकडे 'यू-टू' म्हणतात तो हापसा म्हणजे आपला इंडिया मार्क टू. सोलापूर जिल्ह्यातली मुलगी तिकडे जाऊन सोलापूरच्याच वंशातला हापसा उघडते आहे. तिला हे आधी माहीत होतं, मला नव्हतं.

पुढचं विचाराल तसं लिहीन.

जाई_जुई

किती सुंदर लिहिलंयस! वाचतेय. खाण्यापिण्याचं सांग ना. बार्शीची बाई म्हणजे ज्वारीची भाकरी लागणार. तिकडे काय करते?

भूजलवाला

धागा आवडला. सोलापूरचा उल्लेख आला म्हणून थोडं लिहितो, माझी सगळी नोकरी याच कामात झाली.

साठच्या दशकात आपल्याकडे खडकात बोअर घ्यायला सुरुवात झाली तेव्हा वर बसवलेले पंप बिडाचे होते. ते परदेशी धाटणीचे, एका घराच्या अंगणासाठी बनवलेले. अख्खं गाव त्यावर पाणी भरायला लागल्यावर ते पटापट मोडायचे. जालन्यातल्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पोलादी पंप करून पाहिला आणि सोलापूरच्या मिशनमध्ये त्यात आणखी सुधारणा झाल्या. दांड्याला एकच आस, सळईला वर ओढायला साखळी आणि आसाला बेअरिंग. साखळीमुळे सळई सरळ वर जाते, बाजूला घासत नाही. सत्तरच्या दशकात युनिसेफ, केंद्र सरकार आणि रिचर्डसन अँड क्रूडास ही कंपनी यांनी हाच सोलापूर पंप पायाला धरून इंडिया मार्क टू तयार केला. पुढे तो जगभर गेला. आपल्याकडची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ ची, म्हणजे दुष्काळाच्याच वर्षातली. आम्ही पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकाबरोबर गावोगाव फिरायचो तेव्हा हाच पंप.

त्याचा एक कायमचा त्रास म्हणजे खालचा वॉशर बदलायचा तरी सगळे पाइप वर ओढावे लागतात. तीन-तीन मीटरचा एकेक तुकडा, लोखंडी, आत पाणी भरलेलं. पुढे मार्क थ्री आला त्यात दट्ट्या पाइपमधूनच वर काढता येतो. तुमच्या मैत्रिणीकडे पाइप ओढायला माणसं किती असतात?

कोरांटी

@भूजलवाला, किती छान माहिती दिलीत. तिला हा प्रतिसाद वाचून दाखवला, ती खूश झाली.

पाइप ओढायला गाव येतं. मिस्त्री स्थानिकच आहेत. तिकडे उपजिल्ह्यागणिक प्रशिक्षित हापसा मिस्त्री असतात, त्यांची संघटनाही असते. तिच्याबरोबरचे मिस्त्री पन्नाशीचे आहेत, सायकलच्या मागे शिकंजा (पाइप घट्ट पकडायचा चाप) आणि पाने बांधून येतात. ती त्यांना 'लादित' म्हणते, तिकडे वडीलधाऱ्या माणसाला मानाने तसंच हाक मारतात. एक जण शिकंजा आवळतो, चारपाच जण ओढतात, एक जण निघालेल्या पाइपचा आटा सोडवतो. या सगळ्यात सगळ्यांत मोठी भीती पाइप हातातून सुटून बोअरमध्ये पडण्याची. एकदा पडला की गळ टाकून काढत बसायचं, आणि नाहीच निघाला तर तो बोअर गेला. त्यामुळे ओढताना कुणी बोलत नाही. एरवी अखंड बडबड करणारी माणसं तेवढा वेळ गप्प असतात.

@जाई_जुई, खाण्याबद्दल भरभरून लिहिते, कारण ती या विषयावर तासभर बोलते.

तिकडचं मुख्य अन्न नाचणी! गरम पाण्यात पीठ घालून लाकडी उलथण्याने घोटत घोटत घट्ट गोळा करतात, त्याला क्वोन म्हणतात. कधी त्यात ज्वारीचं किंवा कसाव्याचं पीठ मिसळतात, कधी नुसतं मक्याचं. हाताने तोडायचं, अंगठ्याने खळगा करायचा आणि कालवणात बुडवायचं. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेतलीच. ज्वारीही आफ्रिकेतलीच. हजारो वर्षांपूर्वी ही धान्यं आपल्याकडे आली आणि आपण त्यांच्या भाकऱ्या केल्या.

कालवणांत तिला सगळ्यांत आवडतं मालाक्वांग. अंबाडीच्याच कुळातली आंबट पालेभाजी, उकडून पाणी काढून टाकायचं आणि वर शेंगदाणे-तिळाचं वाटण घालायचं. शेंगदाणे आणि तीळ भाजून दगडावर इतके बारीक वाटतात की तेल सुटतं. हे वाटण घरात कायम असतं, रताळ्याबरोबर नाश्त्याला पण. चवळीचा पाला शिजवताना राखेतून गाळलेलं खारट पाणी घालतात, त्याने पाला लवकर मऊ होतो. तूर आहे, तिला लापेना म्हणतात. शिजवून, कधी घोटून, वर शीआचं तेल. आपल्यासारखी फोडणी नाही. तिने हळद-मोहरी नेली होती ती पहिल्या काही महिन्यांतच संपली. आता ती म्हणते की त्या तुरीला फोडणी नकोच, शीआचा वास पुरे.

पाऊस सुरू झाला की पंखवाल्या वाळव्या निघतात. मुलं रात्री दिव्याखाली त्या गोळा करतात, भाजून खातात. तिने खाल्ल्या. शेंगदाण्यासारखं लागतं म्हणे.

जेवायला हात धुवायची पद्धत तिला फार आवडते. घरातली मुलगी तांब्या आणि घमेलं घेऊन येते, गुडघ्यावर बसून प्रत्येकाच्या हातावर पाणी ओतते. सुरुवातीला तिला ते गुडघ्यावर बसणं नको वाटायचं. घरच्या आजींनी तिला सांगितलं की पाहुण्याला पाणी देताना घाई दिसू नये म्हणून बसायचं.

शेतकरी_लातूर

तूर तिकडे पण! आपल्याकडे २०१५ ला तूरडाळ दोनशेवर गेली, त्यानंतर २०१६ मध्ये सरकारने मोझांबिकशी कडधान्याचा करार केला. मोझांबिक, मलावी, टांझानियाची तूर आपल्या बाजारात येते हे आम्हाला भाव पडल्यावर कळतं. पण तिथले लोक ती स्वतः रोज खातात हे माहीत नव्हतं. तिकडे तुरीत आंतरपीक घेतात का? जमीन कशी आहे?

कोरांटी

@शेतकरी_लातूर, हो, तीळ, तूर, नाचणी, भुईमूग असं मिसळून घेतात. काम बहुतेक कुदळीचं. बैल फार कमी. तिथे बरीच वर्षं चाललेल्या युद्धात गुरं गेली ती पुन्हा पहिल्यासारखी झालीच नाहीत असं तिला शेजारचे म्हातारबाबा सांगतात.

सडेतोड

लेखन चांगलं आहे, मैत्रिणीबद्दल आदर आहे. पण एक प्रश्न मनापासून विचारतो. मिस्त्री तिथलेच आहेत, पंप उघडणारे तेच, ओढणारे गावकरी. मग इतक्या लांबून माणूस नेण्याची गरज काय? तिकिटाच्या आणि राहण्याच्या पैशात त्या मिस्त्र्यांना सुटे भाग देता आले असते. शिवाय आपल्या लातूरला रेल्वेने पाणी नेण्याची वेळ २०१६ मध्ये आली होती. इथलं काम संपलंय का?

जाई_जुई

+१ प्रश्न योग्य आहे. उत्तर ऐकायला आवडेल.

कोरांटी

@सडेतोड, हा प्रश्न मी तिला ती निघण्याआधी विचारला होता आणि ती रागावली नव्हती. तुमच्यासाठी तिचं म्हणणं माझ्या शब्दांत.

शिकंजा हातात घेणं हे तिचं काम नाहीच. मिस्त्री तिच्यापेक्षा सरस आहेत. वरून हातोडीने पाइपवर टकटक करून आटा कुठे खाल्लाय हे लादित सांगतात, ते तिला येत नाही. तिचं काम आजूबाजूचं. कोणत्या गावात कोणता पंप, कधी बसवला, पाइप कशाचे, शेवटची दुरुस्ती कधी, काय बदललं याची नोंद कुठेच एका जागी नव्हती. ती आणि दोन स्थानिक मुली मिळून ती करताहेत. मग जिल्ह्याच्या पाणी कार्यालयात जाऊन कागद दाखवून सुटे भाग वेळेवर मागायचे. चांगला वॉशर आणि स्वस्तातला वॉशर कसा ओळखायचा हे गावसमितीला शिकवायचं. ही सगळी कामं तिने मराठवाड्यात वर्षानुवर्षं केली आहेत आणि त्यांतून आलेली नजर तिच्याकडे आहे. त्या दोन मुली आता तिच्याशिवायही गावं करतात. दोन वर्षं संपली की ती परत येणार आणि तिच्या जागी दुसरा परदेशी माणूस येणार नाही, हे आधीच ठरलेलं आहे.

नवा बोअर मारला की फोटो निघतो, पाटी लागते. तो पाच वर्षांनी चालतो आहे का हे बघायला कुणी येत नाही. सरकारी हिशोब एका बोअरमागे तीनशे माणसं असा आहे. म्हणजे एक हापसा बंद पडला की तेवढी माणसं पुन्हा ओढ्यावर. माझं स्वतःचं मत असं की पैसे पाठवणं आणि माणूस जाणं यात भांडण लावायचं कारण नाही. पण जाणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट खरोखर येत असली पाहिजे. नुसता उत्साह घेऊन गेलेल्या माणसाची तिथल्या लोकांना सरबराई करावी लागते आणि ते ती प्रेमाने करतातही. हे मला बरोबर वाटत नाही.

लातूरचं म्हणाल तर तिने तिथे काम केलंय. इथे तिच्यामागे तिने तयार केलेली माणसं आहेत.

सडेतोड

पटलं. विशेषतः परत येण्याचं आधीच ठरलेलं आहे ते. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

एन्टेबीकर

मी बरीच वर्षं युगांडात होतो, साखर कारखान्यात. दक्षिणेला असल्यामुळे अचोली भागात कामापुरतंच जाणं झालं, तरी चार गोष्टी सांगतो.

तिकडच्या रस्त्यावरच्या बोडा-बोडा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली, यांत जिकडेतिकडे बजाज बॉक्सर. पुण्याच्या कंपनीचं नाव तिथल्या खेड्यातल्या पोरांना पाठ असतं. फोनमधून पैसे पाठवणं आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीपासून, २००९ पासून तिकडे आहे. आपण साधा फोन म्हणतो त्यावरही ते चालतं.

भारतीय म्हटलं की लोक दुकानदारच समजतात. रेल्वे बांधायला नेलेले मजूर, मग गुजराती व्यापारी, मग १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडायला लावलेले आशियाई, हा सगळा इतिहास लोकांच्या मनात आहे. भारतीय बाई खेड्यात गवताच्या झोपडीत राहते आणि हापशाच्या चौथऱ्यावर बसते याचं तिथे किती अप्रूप असेल हे मला कळतं.

आणि उत्तरेत गेलात तर युद्धाचं विचारू नका, ऐका. जोसेफ कोनी या बंडखोराच्या टोळ्या आणि सरकारी फौजा यांच्यात तिथले लोक भरडले गेले, १९८० च्या दशकाच्या शेवटापासून २००६ पर्यंत. गुलूत मी अशा लोकांना भेटलो जे लहानपणी रोज संध्याकाळी गावातून चालत शहरात झोपायला यायचे, पळवून नेतील म्हणून. सकाळी परत चालत घरी.

कोरांटी

@एन्टेबीकर, मनापासून आभार. मी युद्धाबद्दल मुद्दाम लिहिलं नव्हतं, पण तुम्ही विषय काढलात तर पाण्याशी त्याचा जो संबंध आहे तो सांगते. मैत्रिणीला हे समजायला काही महिने लागले आणि समजल्यावर तिचं सगळं काम बदललं.

सरकारने १९९६ पासून लोकांना गावांतून उठवून छावण्यांत आणलं. शेवटी शेवटी उत्तर युगांडात १८ लाखांच्या आसपास माणसं छावण्यांत होती. अमुरू जिल्ह्यातली पाब्बोची छावणी सर्वांत मोठ्या छावण्यांपैकी एक. इतकी माणसं एका जागी आल्यावर मदत संस्थांनी साहजिकच तिथे बोअर मारले. २००६ मध्ये शस्त्रसंधी झाली, पुढच्या काही वर्षांत लोक आपापल्या जमिनीवर परतले. बोअर मात्र छावणीच्या जागीच राहिले. म्हणजे नकाशावर पाहिलं तर हापसे भरपूर, आणि माणसं तिथून चारपाच किलोमीटर लांब. ती गेली तेव्हा कार्यालयातल्या यादीत "बंद" म्हणून लिहिलेले कितीतरी हापसे असे होते. ते दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. तिथे आता गवत आहे. शेजारचे म्हातारबाबा तिच्याबरोबर सायकलवर येऊन दाखवायचे, इथे आमची झोपडी होती, इथे रांग लागायची, इथे माझा धाकटा भाऊ पुरला.

घरी परतल्यावर जमिनीच्या हद्दींचे वाद उभे राहिले, कारण खुणा सांगणारी म्हातारी माणसं छावणीतच वारली होती. त्यामुळे आज नवीन बोअर कुठे घ्यायचा हा प्रश्न भूगर्भाचा जितका, तितकाच जमीन कुणाची याचा आहे. ज्याच्या जमिनीत बोअर तो उद्या वाट अडवणार नाही, हे आधी सगळ्यांसमोर बोलून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो. देणगीदारांच्या वेळापत्रकात हा वेळ धरलेला नसतो, याचा तिला फार त्रास होतो, आणि तिच्या बाजूने मलाही.

रात्री अंगणात शेकोटी असते, वांग-ओ म्हणतात. जेवण झालं की सगळे तिथे. म्हातारी माणसं गोष्टी सांगतात, कोडी घालतात, मुलांना वळण लावायचं तेही तिथेच. छावण्यांत हे जवळजवळ बंद पडलं होतं. अंधार पडल्यावर बाहेर बसायची सोय नव्हती, सरपण नव्हतं. आता काही घरांत पुन्हा सुरू झालंय. तिच्या घरच्या आजी रोज शेकोटी पेटवतातच. मैत्रीण तिथे तूर सोलत बसते. भाषा अजून अर्धीच कळते, पण कोड्यांत मुलं तिला मुद्दाम सोपी कोडी घालतात.

डॉ_शिरीष

मलेरियाचं काय? तो भाग मलेरियासाठी फार वाईट आहे.

कोरांटी

डॉक्टर, हो. तिला एकदा होऊन गेला. गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेने बोटातून रक्त घेऊन तिथल्या तिथे चाचणी केली, गोळ्या सुरू केल्या, दोन दिवस येऊन जाऊन बघितलं. मच्छरदाणी ती रोज लावते. तिला स्वतःपेक्षा लहान मुलांचं वाटतं. पावसाच्या दिवसांत प्रत्येक घरात कुणी ना कुणी तापाने पडलेलं असतं आणि आरोग्य केंद्रात कधी औषध असतं कधी नसतं.

भूजलवाला

पाइप कशाचे बसवलेत तिकडे? जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी असतील तर गंज येत असणार. आमच्याकडे काही ठिकाणी यायचा, पण पाणी आम्लधर्मी असेल तिथे फारच.

कोरांटी

@भूजलवाला, तुम्ही अगदी मुळाला हात घातलात! गेल्या महिन्यातली सगळी धावपळ यावरच होती.

एका गावात हापसा ठणठणीत, पाणी भरपूर, आणि तरी बाया ओढ्यावर जात होत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, पाणी लाल आहे. चहा काळा पडतो, शाळेचे पांढरे शर्ट पिवळे होतात, उकडलेला पाला काळपट दिसतो. आधी कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं की इथल्या जमिनीतच लोह आहे, इलाज नाही. मैत्रिणीने पहाटे हापशावर तीन पारदर्शक बाटल्या ठेवल्या. एक पहिल्या पाण्याची, एक काही कॅन उपसल्यावरची, एक तासभर उपसल्यानंतरची. तिन्ही चौथऱ्यावर ओळीने. पहिली विटेच्या रंगाची, दुसरी चहासारखी फिकी, तिसरी स्वच्छ. जमिनीतलं लोह असतं तर तिसरीही लाल आली असती. रात्रभर पाणी पाइपमध्ये उभं राहतं तेव्हाच लाल होतं, म्हणजे गंज पाइपचा. समितीतल्या बायांना हे बघून क्षणात कळलं, समजवावं लागलं नाही.

मग पाइप ओढले. खालच्या एका पाइपच्या आट्याजवळ बोट आरपार जाईल असं भोक होतं आणि बाकीचे आटे खपल्या पडून गेलेले. २०१६ मध्ये युगांडाच्या पाणी मंत्रालयाने हापशांत असे मुलाम्याचे पाइप बसवायला स्थगिती दिली, पण त्याआधीचे शेकडो अजून जमिनीत आहेत आणि पाच-सात वर्षांतच असे होतात. आता स्टेनलेस किंवा चांगल्या प्लास्टिकचे घालायचे. स्टेनलेस महाग पडतं.

पैशांवरून आंब्याखाली मोठी सभा झाली. दर घरामागे महिन्याला एक हजार शिलिंग ठरलेले, पण पाणी लाल झाल्यापासून अर्ध्या घरांनी देणं सोडलेलं. खजिनदार बाई वही घेऊन उभी राहिली आणि कुणी किती दिले, कुणी नाही, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. एक तरुण चिडून निघून गेला, परत आला. शेवटी बायांच्या बचत गटातून, तिकडे त्याला 'बोल कप' म्हणतात, उसनवार घ्यायचं ठरलं, उरलेलं जिल्हा आणि संस्था देणार. मैत्रीण त्या सभेत एक शब्द बोलली नाही. तिला तो दिवस सगळ्यांत समाधानाचा वाटला.

अबोली_पुणे

खूप शिकायला मिळालं. मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मलाही असं जायचंय. कुठून सुरुवात करू?

कोरांटी

@अबोली_पुणे, तिला विचारून लिहिते. आधी इथे दोन-तीन वर्षं गावपातळीवर काम कर, पंचायतीच्या योजनेत, एखाद्या संस्थेत, कुठेही. हाताने काम कर. ज्या संस्था तुझ्याकडूनच भरपूर पैसे घेऊन पंधरा दिवसांसाठी नेतात त्यांच्यापासून लांब राहा. संस्थेला विचार की स्थानिक सहकारी कोण, माझ्यानंतर काम कोण करणार. भाषा जाण्याआधी सुरू कर. पीतज्वराची लस जाण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि तो दाखला परत येताना भारतातही दाखवावा लागतो, नाहीतर विलगीकरणात ठेवतात. घरच्यांना फोनची वेळ ठरवून दे. युगांडा आपल्या अडीच तास मागे आहे, तिचा मुलगा रात्री साडेदहापर्यंत जागा राहतो.

भूजलवाला

बाटल्यांची युक्ती झकास. आम्ही पण साधारण तसंच करायचो. तिला सांगा, त्या उपजिल्ह्यातल्या सगळ्या हापशांचं पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते, मोजून घ्या. साडेसहाच्या खाली असेल तिथे मुलाम्याचा पाइप घालूच नये, दुरुस्तीलासुद्धा. आणि प्लास्टिकचे पाइप घातले तर खोली किती आहे ते बघा, फार खोल असेल तर जोड सुटायचा धोका. पाणीपातळी किती मीटरवर आहे?

कोरांटी

पाइप साधारण तीस मीटरपर्यंत आहेत म्हणाली होती, पाणीपातळी नेमकी किती ते विचारते. पीएचचं तिने तुमचा प्रतिसाद वाचून लगेच लिहून घेतलं. गुलूच्या दुकानात पट्ट्या मिळतात का ते बघणार आहे, नाहीतर जिल्हा कार्यालयाचा मीटर मागेल. आकडे आले की याच धाग्यावर टाकते. तुम्ही बघून सांगाल का?

भूजलवाला

अवश्य. गावाचं नाव नको, नुसते क्रमांक टाका. खडक कोणता लागला तेही मिळालं तर बरं.